कळ दाबली, गाडी निघाली

खेळण्यातली आगगाडी विजेवर धावू लागली, तेव्हाच एक अडचण तिच्या मागे लागली. रुळातला विजेचा दाब वाढवला की गाडी पळते, कमी केला की मंदावते. पण एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली, तर दोन्ही एकदमच पळणार! प्रत्येकाला वेगळा हुकूम द्यायचा कसा?

अमेरिकेतल्या लायनेल कंपनीने १९३५ साली आपल्या गाड्यांना शिट्टी दिली. १९४६ मध्ये तिने चक्क रेडिओलहरींवर चालणारा संच काढला. तो महागडा होता. थोड्याच वर्षांत बंद पडला.

१९९०च्या दशकात हा प्रश्न पुन्हा हाती घेतला तो गायक नील यंग यांनी. त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती. त्याला बोलता येत नसे, बोटांनी बारीक बटणं फिरवणं तर दूरच. गाडी मात्र त्यानेच चालवावी, अशी बापाची इच्छा. त्यासाठी त्याला दाबता येईल अशी मोठी कळ तयार झाली. या खटपटीतून लायनेलची नवी बिनतारी पद्धतही आकाराला आली. हातातल्या रिमोटचा हुकूम एका पेटीकडे जातो, तिथून रुळावाटे इंजिनापर्यंत. इंजिनातलं सर्किट फक्त आपल्या क्रमांकाचा हुकूम पाळतं. घंटा आणि वाफेचे फूत्कारही तेच ऐकवतं. जुन्या इंजिनांतही अशी सर्किटं बसवता येऊ लागली.

१९९५ मध्ये यंग लायनेलच्या मालकांपैकी एक झाले. आज अनेक हौशी मंडळी आपल्या इंजिनांत असे आवाज भरतात. मला त्या शिट्टीमागे तो मुलगा दिसतो.