अर्धशिशी : एका अदृश्य दुखण्याचा इतिहास

ताप आला तर अंग तापतें, हाड मोडलें तर हात लटकतो, कांजिण्या आल्या तर अंगावर फोड उठतात. हीं दुखणीं शेजाऱ्याच्याही डोळ्यांना दिसतात, आणि दिसतात म्हणूनच त्यांवर विश्वास बसतो. परंतु एक विकार असा आहे कीं, त्याची वेदना दारुण असूनही बाहेरून तिची खूण सांपडत नाहीं. सकाळीं जो मनुष्य आपल्या उद्योगांत गढलेला असतो, तोच दुपारीं दारें-खिडक्या लावून अंधारांत पडून राहतो. भांड्यांचा आवाज त्याला सोसत नाहीं, फोडणीच्या वासानें त्याला मळमळतें. आणि एकदोन दिवसांनीं पाहावें तों तो पूर्ववत् कामाला लागलेला! पाहणाऱ्याच्या मनांत साहजिकच शंका येते कीं, हें दुखणें खरें कीं बहाणा? ह्या विकारास मराठींत अर्धशिशी व इंग्रजींत मायग्रेन म्हणतात. त्याचा इतिहास म्हणजे एका परीनें ह्या शंकेचा इतिहास होय. आणि ज्यांनीं ही शंका बाजूस सारून रोग्याचें म्हणणें नीट ऐकून घेतलें, त्यांच्याच हातून ह्या रोगाचें ज्ञान पुढें गेलें आहे.

आपल्याकडील वैद्यांना हा विकार प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले असून अर्धावभेदक हा त्यांपैकीं एक आहे. डोक्याचा अर्धा भाग टोंचल्यासारखा, फोडल्यासारखा दुखतो, भोंवळ येते, आणि हा प्रकार पंधरा दिवसांनीं, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उद्भवतो, असें वर्णन तेथें आढळतें. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानांत कारणांची यादी आहे : रूक्ष अन्न, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, मलमूत्रादि वेगांचा अवरोध, अति श्रम. ह्या दोन वर्णनांत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दुखणें किती दिवसांनीं येतें आणि कशामागून येतें, हे दोन प्रश्न त्या वैद्यांनीं विचारले होते. आजचा डॉक्टरही आपल्या रोग्यास प्रथम हेच दोन प्रश्न विचारतो.

पश्चिमेकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत आशियामायनरमधील कॅपाडोशियाच्या अरेटियस नांवाच्या ग्रीक वैद्यानें ह्याच रोगाचें चित्र रेखाटलें. हे रोगी उजेडापासून पळतात, अंधारांत त्यांना बरें वाटतें, आणि त्यांना जीवित नकोसें होतें, असें तो लिहितो. त्याच शतकांतील गेलन ह्या विख्यात वैद्यानें ह्या दुखण्यास 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धी कवटी, असा शब्द वापरला. तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडीं झिजून 'मिग्रेन' झाला व पुढें इंग्रजींत मायग्रेन म्हणून रूढ झाला. तेव्हां 'अर्धशिशी' आणि 'मायग्रेन' ह्या दोन शब्दांची घडण मुळांत एकच आहे. मात्र हें दुखणें अर्ध्याच डोक्यांत असतें असा नेम नाहीं. पुष्कळांचें सबंध डोकें दुखतें. गेलनची उपपत्ति अशी होती कीं, पोटांतील पित्ताची वाफ वर चढून मस्तकाला झोंबते. ही कल्पना युरोपांत हजार वर्षांहून अधिक काळ टिकली, आणि तिच्यापायीं असंख्य रोग्यांना रेचकें, वांत्या व रक्तस्राव ह्यांचे हाल सोसावे लागले.

ते हाल कसे असत, ह्याचें उदाहरण सतराव्या शतकांतील इंग्लंडांत सांपडतें. ॲन कॉन्वे ही सरदार घराण्यांतील विदुषी १६३१ सालीं जन्मली. स्त्रियांना त्या काळीं विद्यापीठाचें दार बंद होतें. तरी केंब्रिजच्या हेन्री मोर ह्या तत्त्वज्ञाशीं पत्रव्यवहार करून तिनें तत्त्वज्ञानाचें अध्ययन केलें. वयाच्या सुमारें बाराव्या वर्षीं तिला डोकेदुखीनें गांठलें, ती मरेपर्यंत सुटली नाहीं. शरीरांतील रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा तिच्या वैद्यांपैकीं एक होता. १६५६ मध्यें ती पॅरिसला गेली ती कवटीला छिद्र पाडून घेण्याच्या तयारीनें. परंतु तेथील शल्यवैद्य ऐन वेळीं कचरले व त्यांनीं रक्तवाहिनी उघडून रक्त काढण्यावर भागविलें. तिला पारा देण्यांत आला. १६६६ त व्हॅलेंटाइन ग्रेटरेक्स नांवाचा, हात फिरवून रोग बरे करणारा एक आयरिश गृहस्थ मुद्दाम बोलावून आणला. त्याच्या हाताचाही गुण आला नाहीं. १६७९ त ती वारली, तेव्हां तिच्या कागदांत एक तत्त्वज्ञानाचें टिपण मिळालें. तें १६९० मध्यें ॲम्स्टरडॅम येथें लॅटिन भाषेंत छापून निघालें, पण त्यावर तिचें नांव नव्हतें. आत्मा आणि देह हीं जर सर्वस्वीं भिन्न द्रव्यें असतील, तर देहाच्या दुःखानें आत्मा एवढा व्याकुळ कां व्हावा, असा प्रश्न तिनें त्यांत केला आहे. लाइब्निट्झसारख्या थोर पंडितानें तिच्या विचारांचा आदरानें उल्लेख केला. ज्या स्त्रीनें असा ग्रंथ लिहिला, तिच्या दुखण्याला बहाणा म्हणण्याची कोणाची छाती होईल?

ॲनच्या वैद्यांत थॉमस विलिस हाही होता. त्यानें १६७२ च्या आपल्या ग्रंथांत एका थोर कुळांतील स्त्रीच्या डोकेदुखीचें सविस्तर वर्णन केलें आहे. ती ॲनच असें अभ्यासक मानतात. विलिसचा औषधोपचार व्यर्थ गेला, परंतु त्यानें एक नवी दिशा दाखविली. वेदनेचें मूळ पोटांतील वाफेंत नसून मस्तकांतील रक्तवाहिन्या फुगण्यांत आहे, असें त्यानें मांडलें.

पुढचें पाऊल एकोणिसाव्या शतकांत पडलें, आणि तें एका पितापुत्रांच्या जोडीनें टाकलें. जॉर्ज एअरी हे इंग्लंडचे राजज्योतिषी. ग्रिनिच येथील वेधशाळेचे ते प्रमुख होते. त्यांना मधूनमधून दृष्टीचा एक चमत्कारिक विकार होई. दृष्टीच्या मध्याजवळ एक ठिपका उमटे, त्याभोंवतीं नागमोडी कोनाकोनांची लखलखती रेषा दिसूं लागे, ती वाढत वाढत कडेला जाई आणि सुमारें अर्ध्या तासानें नाहींशी होई. ग्रहताऱ्यांचे वेध घेणाऱ्या ह्या गृहस्थानें आपल्या डोळ्यांपुढील ह्या दृश्याचाही वेध घेतला व १८६५ मध्यें तो प्रसिद्ध केला. त्यांचा मुलगा ह्यूबर्ट हा डॉक्टर असून त्यालाही हाच विकार होता. त्यानें १८७० सालीं त्याचीं रंगीत चित्रें काढून एक निबंध लिहिला. जुन्या किल्ल्याच्या बुरुजाबुरुजांच्या तटासारखी ती रेषा दिसते म्हणून त्यानें तिला ग्रीक भाषेंतून 'तटदर्शन' अशा अर्थाचें नांव दिलें. अर्धशिशीच्या रोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा लोकांना डोकें दुखूं लागण्यापूर्वीं अशी कांहीं तरी पूर्वसूचना मिळते. आजवर जें केवळ रोग्यालाच दिसत होतें, तें आतां कागदावर उतरून सर्वांना दिसूं लागलें. लवकरच, १८७३ त, एडवर्ड लिव्हिंग ह्यानें एक मोठा ग्रंथ लिहून असें प्रतिपादन केलें कीं, हा विकार म्हणजे मज्जातंतूंत उठणारें एक वादळ होय. रक्तवाहिनीवाले आणि मज्जातंतुवाले असे दोन पक्ष तेव्हांपासून पडले, आणि त्यांचा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालला.

औषधाच्या बाजूनें पाहिलें तर पहिलें हुकमी औषध एका विषापासून निघालें. युरोपांत राय नांवाचें धान्य पिकतें. पावसाळी हवेंत त्याच्या कणसावर अर्गट नांवाची काळी बुरशी धरते. मध्ययुगांत अशा धान्याची भाकरी खाऊन गांवेंच्या गांवें आजारी पडत. रक्तवाहिन्या आक्रसून लोकांचीं बोटें व हातपाय काळे पडून झडत. तिच्यांतूनच १९१८ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें आर्थर स्टोल ह्या रसायनशास्त्रज्ञानें एर्गोटामाइन हें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें, आणि पुढील दशकांत तें अर्धशिशीवर देण्यांत येऊं लागलें. १९३८ मध्यें न्यूयॉर्कच्या ग्रॅहॅम व वुल्फ ह्या डॉक्टरांनीं कानशिलावरील रक्तवाहिनीचे ठोके यंत्रानें नोंदले. एर्गोटामाइन दिल्यावर ठोक्यांचा जोर जसजसा ओसरला, तसतशी वेदनाही ओसरली. विलिसचा पक्ष जिंकला असें वाटूं लागलें.

परंतु लवकरच दुसऱ्या पक्षालाही बळ मिळालें. १९४१ सालीं कार्ल लॅश्ली ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें आपल्याच डोळ्यांपुढील ठिपका कसा पसरतो, हें वेळोवेळीं कागदावर आंखून ठेवलें. त्यावरून त्यानें हिशेब केला कीं, मेंदूच्या दृष्टिक्षेत्रावरून कसला तरी क्षोभ दर मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर ह्या वेगानें सरकत असला पाहिजे. तीनच वर्षांनीं, १९४४ त, ब्राझीलचा तरुण शास्त्रज्ञ आरिस्टिडिस लेआओ ह्यास सशाच्या मेंदूवर प्रयोग करतांना एक लाट आढळली. ती जेथून जाई, तेथील विद्युद्व्यापार कांहीं काळ मंदावे. आणि तिचाही वेग मिनिटाला सुमारें ३ मिलिमीटरच होता! एकानें स्वतःच्या डोळ्यांनीं जें मोजलें, तेंच दुसऱ्यानें सशाच्या मेंदूंत मोजलें होतें. दोहोंचा मेळ १९५८ मध्यें घातला गेला, आणि २००१ त चुंबकीय चित्रणाच्या यंत्रानें तशीच लाट मनुष्याच्या मेंदूंतही पूर्वसूचनेच्या वेळीं सरकतांना टिपली.

आज असें मानतात कीं, अर्धशिशी हा मुळांत मेंदूचा व मज्जातंतूंचा विकार असून रक्तवाहिन्यांचें फुगणें हा त्याचा एक परिणाम आहे. ही प्रवृत्ति बहुधा आईबापांकडून येते, आणि प्रौढ स्त्रियांत ती पुरुषांच्या दुपटीतिपटीनें आढळते. जगांतील शंभर कोटींहून अधिक माणसें ह्या विकारानें पीडलेलीं आहेत. १९९१ सालीं सुमाट्रिप्टान हें खास ह्याच रोगासाठीं घडविलेलें औषध बाजारांत आलें. पीटर गोड्सबी व लार्स एड्विन्सन ह्यांनीं १९९० मध्यें दाखवून दिलें होतें कीं, वेदना चालू असतांना मस्तकाकडून परतणाऱ्या रक्तांत सी.जी.आर.पी. नांवाचें द्रव्य वाढतें. त्या द्रव्याचें कार्य अडविणारें पहिलें प्रतिबंधक इंजेक्शन २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. ह्या संशोधनाबद्दल त्या दोघांस, येस ओलेसेन व मायकेल मॉस्कोविट्झ ह्यांच्यासह, २०२१ चें ब्रेन प्राइझ मिळालें.

हा इतिहास घरोघरच्या माणसांना काय शिकवितो? पहिली शिकवण टिपणाची. एअरी पितापुत्रांनीं आणि लॅश्लीनें जें केलें, तें एका साध्या वहींत कोणालाही करतां येतें. दुखणें कोणत्या दिवशीं व किती वाजतां सुरू झालें, आदल्या रात्रीं झोंप किती झाली, जेवण चुकलें काय, उपास होता काय, उन्हांत फिरणें झालें काय, स्त्रियांच्या बाबतींत मासिक पाळी केव्हां आली, आणि कोणतें औषध किती घेतलें, एवढें दोनतीन महिने लिहिलें कीं, रोगाची चाल बहुधा उमगते. ठराविक वेळीं झोंप, ठराविक वेळीं जेवण व पुरेसें पाणी, ह्यांनीं पुष्कळांचीं दुखणीं विरळ होतात. पहाटे सूर्योदयापूर्वीं दूध-जिलबी खाण्याचा जुना घरगुती उपाय आहे; त्यानें रोग जात नसला, तरी पोट रिकामें राहत नाहीं, एवढें त्यांतील तथ्य मानावें. सुंठ उगाळून कपाळाला लावण्यानें कांहींना आराम पडतो. तोही आनंदानें करावा, मात्र त्यावरच विसंबूं नये.

दुसरी शिकवण औषधाच्या मापाची. वेदनाशामक औषध दुखणें सुरू होतांच योग्य मात्रेंत घेतलें तर अधिक लागू पडतें. परंतु साध्या गोळ्या महिन्यांतून पंधरा दिवस, किंवा सुमाट्रिप्टान, एर्गोटामाइन व मिश्र गोळ्या दहा दिवस, अशा महिनोन्‌महिने घेत राहिल्यास त्या गोळ्याच नवी डोकेदुखी उत्पन्न करतात. सुमाट्रिप्टान व एर्गोटामाइन हृदयविकाराच्या रोग्यास देत नाहींत. दुखणें वारंवार येत असेल तर तें येऊंच नये म्हणून रोज घेण्याचीं औषधें आहेत. प्रोप्रॅनोलॉल हें त्यांतलें एक. हृदयाच्या दुखण्यावर तें दिलें असतां अर्धशिशीलाही उतार पडतो, असें १९६६ च्या सुमारास योगायोगानें आढळून आलें. ह्यांतील कोणतें कोणास मानवेल, हें डॉक्टरनेंच ठरवावयाचें आहे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. क्षणार्धांत कळसाला पोंचणारी भयंकर डोकेदुखी, ताप येऊन मान ताठणें, हातपाय लुळे पडणें, बोलणें अडखळणें, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली डोकेदुखी, ह्यांना अर्धशिशी समजून घरीं बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें.

आणि शेवटची शिकवण रोग्याहूनही त्याच्या घरच्या माणसांसाठीं आहे. अर्धशिशी समूळ घालविणारें औषध अद्याप निघालेलें नाहीं. ती आवरतां येते, एवढेंच. अंधाऱ्या खोलींत पडलेल्या सुनेला किंवा परीक्षेच्या दिवशीं डोकें धरून बसलेल्या मुलाला 'हीं सारीं कामें टाळण्याचीं निमित्तें' असें बोलणें फार सोपें असतें. त्या बोलण्यानें वेदना तर कमी होत नाहींच, उलट ती लपविण्याची संवय मात्र लागते, आणि लपविलेल्या दुखण्यावर उपचार होत नाहीं. ॲन कॉन्वेच्या काळीं थोर थोर वैद्यही हतबल होते. आज औषधें आहेत, ज्ञान आहे. परंतु त्यांचा लाभ मिळण्यापूर्वीं घरांतील कोणी तरी दार हळूच लोटून घेऊन, दिवा मालवून, रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.