दिवा नेमका कुणासाठी?

मोटारीचे दिवे चालकाला रस्ता दिसावा म्हणून असतात, ही समजूत इतकी पक्की आहे की तिची शहानिशा कुणी करत नाही. इतिहास मात्र सांगतो, चालकाची गरज आधीच भागली होती. पुढची बहुतेक बटणे दुसऱ्यांसाठी आली. सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडायचे आणि निघणारा वायू काडीने पेटवायचा. उजेड भरपूर पडे, पण समोरून कुणी आले म्हणून तो क्षणात कमी करता येत नसे. 1912 मध्ये कॅडिलॅकने विजेचे दिवे गाडीसोबतच दिले आणि दिवा बटणावर आला. 1920 च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन तारा बसल्या, म्हणजे अप्पर-डिप्परची सोय झाली. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये डिप्परचे बटण जमिनीवर, क्लचशेजारी होते. डाव्या पायाने दाबले की झोत खाली येई. त्याने चालकाला कमीच दिसे, फायदा समोरच्याचा होई.

कायद्याचा ओढाही तिकडेच दिसतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागचा तांबडा दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे, नंबर प्लेट 15 मीटरवरून वाचता आली पाहिजे, आणि पुढच्या झोताने कुणाचे डोळे दिपता कामा नयेत. यातली एकही अट चालकाच्या नजरेसाठी नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन सुरू होताच लागतो, तोही भर दुपारी. कारण दुचाकी इतरांना दिसावी. केबिनचा दिवा आणि मीटरचा उजेड कमी-जास्त करणारे बटण हे खरे अपवाद. आत उजेड असला की काचेत आतलेच प्रतिबिंब दिसते, म्हणून रात्री एसटीचा चालक आपल्या बाजूला अंधार ठेवतो. पण त्या अंधारावरही मागच्या प्रवाशांचा जीव अवलंबून असतोच.

यावर गावाकडचा आक्षेप रास्त आहे. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमासारख्या ठिकाणी रात्रीच्या रस्त्यावर खांबांचा उजेड नाही, कडेला पांढरी पट्टी नाही, मध्येच जनावर उभे. तिथे अप्पर लावल्यावाचून भागत नाही. खरे आहे, पण रस्ता मोकळा आहे तोवरच. समोरचा दिपला की त्याला कडेने चालणारा माणूस दिसत नाही, आणि अंधाऱ्या रस्त्यावर अशी माणसे जास्त. मागच्या दिव्याचेही तसेच आहे. हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात बसलेल्या पंगतींमधून ट्रॅक्टर-ट्रॉल्या फिरवून महाप्रसाद वाढतात. ट्रॉली दिवसा सगळ्यांना दिसते. अशीच ट्रॉली रात्री मागच्या दिव्याविना डांबरीवर आली, तर तिच्या चालकाचे काहीच अडत नाही, कारण त्याच्यापुढे उजेड असतो. मागून येणाऱ्याला मात्र ती अगदी जवळ आल्यावर दिसते.

आता दिवे आपोआप लागतात, झोतही आपोआप खाली येतो, मग ही चर्चा कशाला, असेही कुणी म्हणेल. पण असा झोत मुख्यतः समोरचे दिवे ओळखून खाली येतो, आणि बैलगाडीला, पायी चालणाऱ्याला दिवाच नसतो. म्हणून खर्चाचा क्रमही इतिहासाप्रमाणेच असावा: पुढे जादा झगझगीत एलईडी बसवण्याआधी ट्रॉलीला मागे तांबडा दिवा आणि रिफ्लेक्टर लावावा.