पंचविसावा डबा

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ नवरे मंडळींना कठीण असतो. सकाळी इतवारीतून प्लास्टिकचे दोन डझन डबे वाहून आणायचे आणि संध्याकाळी स्वतःच्याच घरातून हद्दपार व्हायचे! याला 'वाण लुटणे' म्हणतात. लुटला कोण जातो, ते सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

फाटकाशी उभा पाहून शेजारचे भाऊ दरवर्षी विचारतात, "काय करून राहिले?"

"बायकांच्या चपला सांभाळून राहिलो," मी म्हणतो.

आमच्या सौ.ची हळदीकुंकवाची वही म्हणजे अस्सल खतावणी. गेल्या साली कोणाकडून चाळणी जमा, कोणाला गाळणी नावे, सारे टिपलेले. यंदा मी ती सहज तपासली. नावे चोवीस, डबे चोवीस. ताळा बरोबर. फक्त आईचे नाव नव्हते. बाबा गेल्यापासून ती स्वयंपाकघरात बसून तिळाचे लाडू वळते. लाडू बाहेर जातात, ती जात नाही.

नेमके त्याच आठवड्यात मी वाचले होते, की 1852 साली पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी महिला सेवा मंडळाचा तिळगूळ समारंभ केला. अध्यक्ष कलेक्टरच्या पत्नी मिसेस जोन्स. कोणत्याही जातीच्या बायका येवोत, एकाच जाजमावर बसतील आणि सर्वांना सारखे हळदीकुंकू मिळेल, असे निमंत्रणातच बजावले होते. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम चौतीस वर्षे झाली होती. आमच्या नागपुरात तर भोसल्यांचे राज्य चालू होते. ते खालसा झाले 1854 मध्ये. याच बाईंनी पुढे 1863 साली जोतिरावांबरोबर अडलेल्या विधवांसाठी घर उघडले.

मी हे सौ.ला ऐकवले. "बँकेत हेच वाचता वाटतं?" एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी मात्र खिडकीतून तिचा आवाज आला, "आई, बाहेर या."

"मला कशाला गं? सुवासिनींचं आहे ते."

"लाडू तुम्ही वळायचे नि मिरवायचं मी, असं कसं?"

आत एकदम शांतता. मग सर्वांत वयस्क बाई जाजमावर जरा सरकल्या आणि म्हणाल्या, "या नं माई, इथं बसा."

आईने कुंकवाला नको म्हटले, हळद लावून घेतली.

तेवढ्यात सौ. दारात आली. "अहो, एक डबा कमी पडला."

इतक्या वर्षांत तिचा हिशेब प्रथमच चुकला होता. मी काही न बोलता कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघालो.