चारशे सत्तरचा जन्मदाखला

‘बारा बोअरची बंदूक’ आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. बारा कसले, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. एक रत्तल शिशातून बारा सारख्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेत हत्तीच्या मागावर जाणारे गोरे शिकारी आठ, नाहीतर चार बोअर घेऊन निघत. चार बोअरची गोळी पाव रत्तलाची! काळ्या दारूने ती उडवायची म्हणजे पुढे हत्ती आणि मागे खांदा, दोघांनाही मार. फ्रेडरिक सेलूस या शिकाऱ्याने १८७०च्या दशकात अशा बंदुकीने पुष्कळ हत्ती पाडले आणि पुढे तिच्या नादी लागल्याचा पश्चात्तापही केला. हत्तींसाठी नव्हे, दणक्यांनी आपला नेम बिघडला म्हणून.

मग कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली. धूर गेला, वेग वाढला, गोळी बारीक झाली. १८९८ मध्ये रिग्बी या ब्रिटिश बंदूकवाल्यांनी ४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस काढले. ४५० म्हणजे नळीचा व्यास, अर्थात कॅलिबर, इंचाचे ४५० सहस्रांश. गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला २१५० फूट. हत्ती, गेंडा, रानरेडा, सगळ्यांना पुरून उरणारे. खरे तर शोध इथेच थांबायचा.

तो थांबला नाही, याचे कारण आफ्रिकेत नाही, हिंदुस्थानात आहे. ब्रिटिश फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींची नळीही ४५०चीच. त्यातल्या कितीतरी बंडखोरांच्या हाती गेलेल्या. साहेबाच्या शिकारी काडतुसातली गोळी उपटून उद्या त्याच्याच शिपायावर झाडली तर? या धास्तीने १९०७ मध्ये सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये ४५०च्या रायफली व काडतुसे आणायला बंदी घातली.

हिंदुस्थान म्हणजे बंदूकवाल्यांचे मोठे गिऱ्हाईक. संस्थानिक, साहेब, सगळेच वाघामागे. धंदा बुडू द्यायचा कसा? नळी केसभर रुंद करायची! हॉलंड अँड हॉलंडचे ४६५ आले, जेफ्रीचे ४७५, वेस्टली रिचर्ड्सचे ४७६, जोसेफ लँगचे ४७०. मारात फरक नावापुरता. रानरेड्याला तो कळलाही नसेल. ४७० मात्र इतके चालले, की ४५०चे जनक रिग्बीही त्याच्या रायफली बनवू लागले.

कॅलिबरवर हमरीतुमरीवर येणाऱ्यांना मी वॉल्टर बेलचे नाव सांगतो. त्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे अवघ्या २७५च्या रिग्बीने. आपल्या जिम कॉर्बेटकडेही २७५ची रिग्बीच होती. पण हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे, हे बेल पाठ करून बसला होता. तेवढा अभ्यास सगळ्यांना कुठला? म्हणून आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत मोठ्या, धोकादायक जनावरांसाठी किमान ३७५चा दंडक आहे. हॉलंड अँड हॉलंडचे ३७५चे काडतूस १९१२चे. पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच घ्यावे, या मताचा मी आहे. धक्का सोसवतो आणि हरणापासून हत्तीपर्यंत सगळीकडे चालते.

४५०वरची बंदी पुढे उठली, पण गेलेले गिऱ्हाईक परतले नाही. हत्ती-रेड्यांसाठी नवी दुनळी रायफल घडवून घेणारे आजही बहुधा ४७०च मागतात.