दृश्यांतील खोली: कोल्हापूरचा पडदा आणि संगणकाचा दर्शक

श्रोतेहो, नाटकगृहांत मध्यभागीं बसून पाहिलेला राजवाड्याचा पडदा आणि कडेच्या खुर्चीवरून पाहिलेला तोच पडदा, यांत किती अंतर असतें, हें जुन्या नाट्यरसिकांस सांगावयास नको. मध्यभागीं बसलेल्यास खांबांची रांग दूरवर गेलेली दिसते. कडेला बसलेल्यास तेच खांब कलंडल्यासारखे वाटतात. हा चित्रकाराचा दोष नव्हे. यथार्थदर्शनाचा नियमच असा आहे कीं, सपाट कापडावर रंगविलेली खोली एकाच जागीं खिळलेल्या डोळ्याला खरी भासते. डोळा हलला कीं भ्रम ढळला. हा खिळलेला डोळा मोकळा कसा झाला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. आणि तिचा एक धागा आपल्या कोल्हापुरांतच सांपडतो.

आनंदराव व बाबूराव मेस्त्री हे नात्यानें भाऊ. ‘पेंटर’ हें नांव त्यांस त्यांच्या कुंचल्यानें मिळवून दिलें. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीचे पडदे त्यांनीं रंगविले, आणि त्या पडद्यांची कीर्ति सर्व महाराष्ट्रांत पसरली. पुढें १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांस चलच्चित्राचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं दामले यांच्या साहाय्यानें खटपट चालू ठेवून १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचें ‘सैरंध्री’ हें चित्र १९२० सालीं पुण्यास झळकलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पडदे रंगविण्यांत ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याच कलावंतानें चित्रपटांतून रंगीत पडदा बाजूस सारला आणि त्याच्या जागीं लांबी, रुंदी व खोली असलेले भरीव देखावे उभे केले. कारण उघड आहे. रंगविलेल्या खांबाची सावली सूर्य कलला तरी कलत नाहीं. नट त्या खांबाच्या मागें जाऊं शकत नाहीं. आणि कॅमेऱ्यानें जागा बदलली कीं कापडाचें कापडपण उघडें पडतें. खरा खांब उभा केला म्हणजे डोळा पाहिजे तेथें ठेवावा. पुढें ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रांत त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, तेव्हां उजेडही त्यांच्या हुकमतींत आला. चित्रीकरणापूर्वीं ते दृश्यांचीं रेखाटनें करीत. म्हणजे खर्चाचें काम आरंभण्याआधीं डोळा कोठें ठेवावयाचा हें कागदावर ठरवीत.

लांकूड आणि चुना यांच्या बळावर कोल्हापुरांत जें साधलें, तेंच पुढें निव्वळ गणितानें साधलें. त्या गणिताचें मूळ मात्र जुनें आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यानें १५२५ सालच्या आपल्या ग्रंथांत एक लांकूडठसा छापला आहे. भिंतीवरील खिळ्यापासून एक दोरी ताणून मेजावरील वाद्याच्या एकेका बिंदूला लावली आहे, आणि मधल्या चौकटींतून ती जेथून जाते तेथें खूण केली जात आहे. खिळा हा डोळा, दोरी हा दृष्टीचा किरण. अमेरिकेंत आर्थर ॲपेल यानें १९६८ सालीं हीच दोरी संगणकाच्या हातीं दिली. टर्नर व्हिटेड यानें १९८० सालीं तिला आरशावरून उलटावयास व कांचेतून वळावयास शिकविलें. त्यानंतर कॅलिफोर्नियांतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत ग्रेग वॉर्ड यानें ‘रेडिअन्स’ नांवाची आज्ञावली रचिली. घर बांधण्यापूर्वींच त्यांत उजेड कसा पडेल हें स्थापत्यकारास कळावें, हा तिचा हेतु. तिच्यांतच, आज्ञेबरहुकूम दृश्य दाखविणारा एक दर्शक आहे.

दृश्याचें वर्णन प्रथम शब्दांनीं व आंकड्यांनीं लिहावयाचें: ही भिंत इतकी लांब, ही फरशी अशा रंगाची, हा दिवा येथें व एवढ्या तेजाचा. मग डोळा कोठें आहे व कोणीकडे पाहतो हें सांगितलें कीं, पडद्यावर आधीं मोठमोठे रंगीत चौकोन उमटतात आणि हळूहळू ते बारीक होत चित्र स्पष्ट होतें. तें पुरें होण्याची वाट न पाहतां नवी आज्ञा देतां येते. ‘रोटेट’ म्हणतांच मान वळते. ‘मूव्ह’ म्हणतांच पाऊल पुढें पडतें. ‘एक्स्पोझर’ म्हटलें कीं, छायाचित्रकार करितो त्याप्रमाणें, उजेड कमीअधिक होतो. ‘लास्ट’नें मागची जागा परत मिळते. सर्वांत मार्मिक आज्ञा ‘ट्रेस’ ही होय. चित्रांतील एखादा बिंदु दाखवावा, आणि तेथें किरण कोणत्या पृष्ठभागावर पडला, तो पृष्ठभाग कशाचा व तेथून किती तेज आलें, याचा जाब दर्शक देतो. जागा मनाजोगी ठरली म्हणजे अंतिम चित्र सावकाश, बारकाईनें काढून घ्यावयाचें. बाबूरावांचें रेखाटन आणि नंतरचें चित्रीकरण, यांचाच हा क्रम नव्हे काय?

परंतु एक भेद आहे. बाबूरावांचे देखावे काम संपतांच मोडले गेले, आणि त्यांचे बहुतेक मूकपटही आज उपलब्ध नाहींत. शाहू छत्रपतींनीं उभारलेलें, १९१५ सालीं खुलें झालेलें व पुढें केशवरावांच्या नांवानें ओळखलें गेलेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. त्या रात्रीं हळहळला नाहीं असा कोल्हापूरकर विरळा. जळालेलें लांकूड कोणताही दर्शक परत देणार नाहीं. मात्र ज्या वास्तूचीं मापें कोणी टिपून ठेविलीं असतील, तिच्या कोणत्याही खुर्चीवर तो आपणांस पुन्हां बसवूं शकेल.

आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. दर्शकाला सत्य ठाऊक नसतें; सांगितलेलें तेवढेंच तो दाखवितो. चुकीच्या मापाचें चित्रही तितकेंच सुंदर उमटतें. म्हणून अशा कामांत यंत्रापेक्षां आधीं फीत घेऊन भिंतीपाशीं उभा राहणारा मनुष्य हवा. आपल्या गांवांतील वाडे, नाटकगृहें, देवळांचे सभामंडप अजून जेथें उभे आहेत तेथें त्यांचीं मापें आजच घेऊन ठेवा. पुढच्या पिढीचा डोळा मोकळा फिरेल, पण फिरावयास जागा ठेवणें आपल्या हातीं आहे, इतकें सांगून आजचें भाषण संपवितों.