घरातली गेको, न दिसणारा जंतू आणि एका जुन्या चुकीचा इतिहास



"डॉक्टर, अमेरिकेत आमच्या नातवाने पाल पाळली आहे!" रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजींनी मला हे जवळजवळ कुजबुजत सांगितले. "तिला गेको म्हणतात म्हणे. घरात सहा महिन्यांची धाकटी नात आहे. पाल विषारी असते ना? सुनेला सांगितलं तर ती हसते. आता तुम्हीच सांगा."

आजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. विषाबद्दलची त्यांची समजूत चुकीची होती, पण तान्ह्या नातीची काळजी अगदी योग्य होती. त्यांना मी जे सांगितले, तेच आज थोडे सविस्तर तुमच्यासाठी लिहितो आहे. त्यासाठी बरीच वर्षे मागे जावे लागेल.

आधी विषाचा प्रश्न

आपल्या भिंतीवरची पाल विषारी नसते. गेको हे पालींच्याच कुळाचे इंग्रजी नाव आहे, आणि पाळल्या जाणाऱ्या गेकोही विषारी नसतात. मग दुधात पाल पडली आणि लोक आजारी पडले, असे का ऐकू येते? त्यात जंतूंचा हात असू शकतो. पालीच्या आतड्यात आणि विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते अन्नात गेले आणि अन्न उबदार जागी तसेच राहिले, तर त्यांची संख्या झपाट्याने वाढते. दूध उकळले तर हे जंतू मरतात. पण उकळलेले दूध उघडे ठेवले आणि नंतर त्यात घाण पडली, तर आधीच्या उकळण्याचा उपयोग नाही.

जंतू सापडला, पण वाहक दिसत नव्हता

1885 साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ या संशोधकाने आजारी डुकरांमधून एक जंतू वेगळा केला. त्यांचे वरिष्ठ डॅनियल साल्मन हे पशुवैद्य होते. पुढे या जंतूंच्या गटाला त्यांच्याच नावावरून साल्मोनेला म्हणू लागले. साल्मन माशाशी याचा काही संबंध नाही. आज या जंतूंचे अडीच हजारांहून जास्त प्रकार माहीत आहेत. विषमज्वर म्हणजे टायफॉइड करणारा जंतू हा त्यातलाच एक, पण तो फक्त माणसात राहतो. गेकोमुळे टायफॉइड होत नाही. तिच्यामुळे होऊ शकतात ते इतर प्रकारांचे जुलाब आणि ताप.

त्या काळी समज असा होता की रोग पसरवणारा स्वतः आजारी दिसणारच. मेरी मॅलन या स्वयंपाकिणीने हा समज मोडला. न्यूयॉर्कमध्ये ती ज्या घरांत काम करी, तिथे टायफॉइडचे रुग्ण निघत. ती स्वतः मात्र ठणठणीत होती. 1907 साली तिच्या विष्ठेत जंतू सापडले, तरी आपण रोग पसरवतो हे तिला कधीच पटले नाही. पुन्हा स्वयंपाकीण म्हणून काम करणार नाही, या अटीवर 1910 मध्ये तिला सोडले. 1915 मध्ये ती एका प्रसूती रुग्णालयात स्वयंपाक करताना सापडली. 1938 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला एका बेटावर वेगळे ठेवले गेले. तिच्यावर अन्याय झाला का, यावर आजही वाद होतो. वैद्यकशास्त्राने मात्र एक धडा घेतला: निरोगी दिसणाऱ्या शरीरातूनही जंतू बाहेर पडू शकतात.

माणसाबद्दल शिकलेला हा धडा घरातल्या प्राण्यांना लावायला मात्र आणखी अर्धे शतक गेले.

प्लास्टिकच्या वाडग्यातली कासवे

1950 आणि 60च्या दशकांत अमेरिकेत लहान मुलांचे लाडके पाळीव जनावर होते इवलेसे हिरवे कासव. प्लास्टिकचा वाडगा, त्यात प्लास्टिकचे छोटे ताडाचे झाड आणि कासव. स्वस्त, शांत, न चावणारे. मुले ते हातात घेत, तोंडातही घालत. आई वाडग्यातले पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओते.

मुलांना जुलाब आणि ताप येऊ लागले. 1960च्या दशकात संशोधकांनी त्याचा संबंध कासवांशी जोडला. 1970च्या दशकाच्या सुरुवातीचा एक अंदाज असा, की दरवर्षी सुमारे 2 लाख 80 हजार अमेरिकन लोकांना कासवांमुळे साल्मोनेलाची लागण होत होती.

आधी उपाय निघाला प्रमाणपत्राचा. कासवे तपासायची आणि जंतूमुक्त असतील तरच विकायची. हा उपाय फसला. सरपटणारे प्राणी जंतू रोज बाहेर टाकत नाहीत. आज तपासणीत काही सापडत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तेच कासव जंतू टाकू लागते. पुढच्या काळात कासवांची अंडी जेंटामायसिन या प्रतिजैविकात बुडवूनही पाहिली. तेव्हा काही कासवांमध्ये त्या औषधाला दाद न देणारे जंतू निघाले.

1975 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री बंद केली. मुले एवढे लहान कासवच तोंडात घालू शकतात, हा त्यामागचा विचार. या बंदीमुळे वर्षाला सुमारे एक लाख मुलांचा आजार टळला, असा अंदाज नंतर मांडला गेला.

लाकडी कठड्याने शिकवलेला धडा

"पण आम्ही प्राण्याला हातच लावत नाही," असे तुम्ही म्हणाल. त्यासाठी 1996 सालची डेन्व्हर प्राणिसंग्रहालयातली घटना पाहा. तिथे कोमोडो ड्रॅगन ही अजस्र घोरपड लोकांना दाखवण्यासाठी ठेवली होती. तिला पाहून गेलेल्या लोकांपैकी 65 जण साल्मोनेलाने आजारी पडले, त्यांत मुले जास्त होती. त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही त्या प्राण्याला स्पर्श केला नव्हता. बहुतेकांनी हात लावला होता तो तिच्याभोवतीच्या लाकडी कठड्याला. ती घोरपड आपल्या विष्ठेतून चालून पुढचे पाय त्या कठड्यावर टेकत असे.

याच तपासात आणखी एक गोष्ट दिसली. तिथून निघताना ज्यांनी हात धुतले, ते बहुतेक वाचले.

आणि आता गेको

न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधल्या बेटांवरची क्रेस्टेड गेको 1866 साली शास्त्राला माहीत झाली. नंतर ती नामशेष झाली असे समजले जात होते. 1994 मध्ये ती पुन्हा सापडली, आणि वीसेक वर्षांत जगभरच्या घरांतल्या काचपेट्यांत पोहोचली. दुसरी लोकप्रिय जात लेपर्ड गेको. ती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताकडची.

2015 साली अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने जाहीर केले की, 2014 पासून 17 राज्यांतल्या 22 जणांना साल्मोनेलाच्या एकाच प्रकाराची लागण झाली होती. तपास पाळीव क्रेस्टेड गेकोंपर्यंत पोहोचला. कासवांच्या मानाने आकडा फार लहान आहे. गोष्ट मात्र तीच: देखणा, शांत, निरोगी दिसणारा प्राणी आणि न धुतलेले हात.

मग गेको पाळायचीच नाही का?

तसे नाही. घरात सगळे धडधाकट आणि समजत्या वयाचे असतील, तर काळजी घेऊन पाळता येते. पण आधी दोन गोष्टी लक्षात घ्या. लेपर्ड गेको नीट सांभाळली तर पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त जगते. ही हौस दहावीच्या सुट्टीपुरती नाही. दुसरे, तिला पेटीत एका बाजूला साधारण 32 अंश ऊब लागते, जिवंत किडे लागतात, आणि त्यांवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पूड लावावी लागते. ती मिळाली नाही तर तिची हाडे मऊ होऊन वाकतात. आपल्या मुलांना होणाऱ्या मुडदुसासारखाच हा आजार. आणि रानातली पाल पकडून आणून पाळू नका.

आता माणसांसाठी नियम:

• घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर सरपटणारा प्राणी ठेवू नये, असा सीडीसीचा सल्ला आहे. 65 वर्षांवरील व्यक्ती, कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी अशा प्राण्यांना हाताळू नये. सिकलसेलच्या रुग्णांत हा जंतू हाडांतही शिरू शकतो, त्यामुळे त्यांनीही दूर राहावे.
• गेकोला, तिच्या पेटीला किंवा भांड्याला हात लावल्यावर साबणाने किमान 20 सेकंद हात धुवा.
• पेटी स्वयंपाकघरात ठेवू नका. तिथल्या सिंकमध्ये ती धुऊही नका.
• गेकोचा मुका घेऊ नका. तिला गादीवर, उशीवर किंवा जेवणाच्या टेबलावर सोडू नका.
• तिला जंतूमुक्त करण्यासाठी प्रतिजैविके देऊ नका. कासवांची गोष्ट आठवा.

लागण झाली तर सहा तासांपासून सहा दिवसांत जुलाब, पोटात कळा आणि ताप सुरू होतो. बहुतेक जण चार ते सात दिवसांत बरे होतात. जलसंजीवनी देत राहा आणि मनाने प्रतिजैविके घेऊ नका. मात्र शौचातून रक्त, न उतरणारा ताप, लघवी कमी होणे किंवा गुंगी असेल तर लगेच डॉक्टर गाठा. तीन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबू नका. तान्ह्या बाळात हे जंतू रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतात. आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, "आमच्या घरी गेको आहे." आम्ही पाण्याबद्दल, बाहेरच्या खाण्याबद्दल विचारतो, पाळलेल्या पालीबद्दल विचारायचे राहून जाऊ शकते.

आजींना मी सांगितले, "सुनेला विषाचे नाव सांगू नका, ती पुन्हा हसेल. कासवांची गोष्ट सांगा." नात पाच वर्षांची होईपर्यंत गेको नातवाच्या एखाद्या मोठ्या मित्राकडे राहायला गेली तर सर्वांत चांगले. ते जमेपर्यंत पेटी बंद खोलीत ठेवायची, आणि नातवाने हात धुऊन, कपडे बदलूनच बहिणीला उचलायचे.

पुढच्या वेळी आजी आल्या तेव्हा म्हणाल्या, "पाल गेली मित्राकडे. नातू दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. आता बोलतो." त्यांचा रक्तदाबही त्या दिवशी ठीक होता.