एका आकड्याची दुरुस्ती

अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूला, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला एक लेख कोरलेला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष शके ७८२ असं वाचलं, म्हणजे इ.स. ८६०. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि वर्ष ठरवलं शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. बदलला एकच आकडा, पण देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं. पडताळा आपणही घेऊ शकतो. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज. त्याचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. ७८२ खरं मानलं, तर धाकटा भाऊ थोरल्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी गादीवर बसतो!

आता तुम्ही विचाराल, वेब सर्व्हरच्या डॉक्युमेंटेशनवर पीएचडी करणारीला शिलालेख कशाला हवा? कारण माझा विषयही असाच आहे: छोटी दुरुस्ती कोण करतं, आणि जुन्या नोंदीचं पुढे काय होतं.

अपाची हा सर्व्हर मुळात दुरुस्त्यांमधूनच जन्मला. १९९४ मध्ये रॉब मॅककूल एनसीएसए ही संस्था सोडून गेला आणि त्याने लिहिलेल्या सर्व्हरचं काम रेंगाळलं. तो वापरणारे लोक आपापल्या प्रतीत डागडुजी करत होते. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यातले काही जण एकत्र आले, आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अपाची १.० बाहेर पडलं.

त्याच्या मॅन्युअलमधली एक नोंद पाहा. फोल्डरमधल्या 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' फाइलचं सर्व्हरने ऐकायचं की नाही, हे 'अलाउओव्हरराइड' ठरवतं. आपण काहीच लिहिलं नाही तर २.३.८ पर्यंत त्याचा अर्थ 'ऑल' होता, २.३.९ पासून 'नन' झाला. फरक एका शब्दाचा. पण जुन्या माहितीवर विसंबून कुणी त्या फाइलमध्ये पासवर्डची अट घातली, तर नवा सर्व्हर ती फाइल उघडूनही बघत नाही. आपल्याला वाटतं कुलूप लावलंय, आणि दार सताड उघडं! म्हणून मॅन्युअलमध्ये जुनं मूल्य खोडलेलं नाही. दोन्ही मूल्यं दिली आहेत, कोणतं कोणत्या आवृत्तीपर्यंत हेही सांगितलं आहे. जुना सर्व्हर चालवणाऱ्याला तेच उपयोगी पडतं.

काही चुका मात्र सुधारायच्याच नसतात. वाचक कुठल्या पानावरून आला हे सांगणाऱ्या 'रेफरर' या हेडरच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' गळाला, आणि १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं. तोवर सगळे प्रोग्राम तेच स्पेलिंग वापरू लागले होते. आज एखाद्याने चांगल्या हेतूने मॅन्युअलमधल्या लॉगच्या उदाहरणात तो 'आर' घातला, तर भाषा शुद्ध होईल, पण लॉगमध्ये त्या जागी नुसती एक आडवी रेघ उमटेल.

म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला नुसतं बरोबर काय हे माहीत असून भागत नाही. जुनं कधीपर्यंत खरं होतं आणि त्यावर कोण विसंबून आहे, हेही बघावं लागतं. भाऊ दाजींचं वाचन आणि भगवानलालांची दुरुस्ती, दोन्ही रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापलेली आहेत. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात अंबरनाथचं देऊळ ८६० सालचं दिसलं, तर तो आकडा कुठून आला ते आपल्याला आजही सांगता येतं.